रमाबाईंची घरातली शाळा

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी फारसा विचार न करता रमाबाई रानड्यांचे नाव घातले आणि मोकळी झाले. कारण अगदी सोपे होते. मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. दरवर्षी जानेवारीत, रमाबाईंच्या जन्मदिनाच्या सुमारास, मुलींपुढे दहा मिनिटे त्यांच्यावर बोलावयाचे हा माझा परिपाठ होता. ते भाषण अजून वहीत आहे. तेच थोडे वाढवून द्यावे, म्हणजे काम झाले, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब फसला त्याचे कारण आमच्या घरात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. माझी धाकटी नात नऊ वर्षांची आहे. गेल्या जूनपासून ती शाळेत जात नाही. रोज सकाळी पोटात दुखावयाचे, रडारड व्हावयाची, असे वर्षभर चालले होते. शेवटी मुलाने आणि सूनबाईने तिला काढले आणि घरीच शिकवावयाचे ठरविले. जेवणाच्या टेबलावर पुस्तके मांडून सूनबाई तिला शिकविते. जन्मभर शाळेत खडू झिजविलेल्या बाईच्या घरात हे व्हावे! मला ते मुळीच रुचले नाही. तोंडावर भांडले नाही एवढेच. पण स्वयंपाकघरात भांडी आपटणे, शेजारणीशी बोलताना आवाज थोडा चढविणे, पोरीला मध्येच कोथिंबीर निवडावयास बोलाविणे, हे सगळे मी केले. असो. त्याकडे पुन्हा येईनच.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, सांगलीकडील देवराष्ट्रे या गावचा. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. माहेरी मुलींना लिहावयास-वाचावयास शिकविण्याची चाल नव्हती. बाई वाचावयास शिकली की तिचे कुंकू पुसले जाते, ही समजूत त्या काळी चांगल्या शहाण्यासुरत्या घरांतूनही होती. तेव्हा अकराव्या वर्षी, १८७३ च्या डिसेंबरात, ही मुलगी लग्न होऊन पुण्यास आली ती अक्षरशत्रू अशीच आली.

नवरा कोण, तर माधवराव रानडे. वय एकतीस. पुण्यातील न्यायाधीश, विद्वान, प्रार्थना समाजाचे आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. आता हे बोलल्याप्रमाणे विधवेशी लग्न करतात की काय, या धास्तीने वडील गोविंदरावांनी घाईघाईने ही मुलगी पाहिली आणि लग्न लावून दिले. माधवरावांनी विरोध केला, पण वडिलांपुढे त्यांचे चालले नाही. किंवा त्यांनी चालू दिले नाही म्हणा. सुधारकांनी तेव्हा त्यांना पुष्कळ बोल लाविले आणि ते मला तरी अन्यायाचे वाटत नाहीत. ज्या विधवेचे भाग्य त्यामुळे उघडले असते तिची कोणी आठवणही ठेवीत नाही. परंतु ज्या पोरीवर हे लग्न लादले गेले, तिच्या बाबतीत मात्र त्यांनी आपले ऋण पहिल्याच दिवसापासून फेडावयास आरंभ केला, हेही तितकेच खरे.

लग्न होऊन मुलीचे वडील माघारी गेले आणि माधवरावांनी तिला जवळ बसवून विचारपूस केली. वाचता येते का, हा त्यातला एक प्रश्न. येत नाही हे उघडच होते. तेव्हा पाटी-पेन्सिल आली आणि पहिली अक्षरे गिरविली गेली. मी शाळेत शिकविताना हा प्रसंग फार रंगवून सांगत असे. आता वाटते, त्यात रंगविण्यासारखे काही नाही. आईला सोडून आलेली अकरा वर्षांची पोर, परके घर, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस आणि हातात पाटी. ती भ्यालेलीच असणार. पण अक्षरे तिला भराभर येऊ लागली. बाराखडीला थोडेच दिवस लागले. रात्रीचे जेवणखाण आटोपले की धडा, हा नेम ठरून गेला. पुढे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका मराठी शिकवावयास घरी येऊ लागल्या, आणि मग माधवरावांनी स्वतः इंग्रजीचा आरंभ करून दिला.

येथपर्यंत माझ्या वहीतले भाषण. ते येथे संपत असे, आणि मग एकदम सेवासदन. मधली वर्षे मी गाळीत असे. मुलींना काय सांगावयाचे ते, असे वाटे.

या वेळी मात्र रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेले आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक मी नगर वाचन मंदिरातून आणून पुन्हा वाचले. आपल्यापैकी पुष्कळजणींनी ते वाचले असेल. त्यात त्या पतीचे नाव घेत नाहीत. पतीचा उल्लेख स्वतः या शब्दाने करतात. शाळेच्या वयात मला याचे हसू येई. पुस्तक आहे पतीच्या आठवणींचे, पण वाचता वाचता माझे लक्ष गेले ते माजघराकडे.

रानड्यांचे घर म्हणजे भरलेले घर. सासूबाई, माधवरावांची विधवा बहीण दुर्गाअक्का, आणखी आश्रित आप्त स्त्रिया. त्यांना या नव्या सुनेचे शिकणे बघवेना. दिवसभर घरचे काम करावयाचे आणि रात्री वाचावयाचे, एवढ्यावर भागले असते तर ठीक. पण मोठ्याने वाचलेले खाली ऐकू जाई आणि दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल होई. चारचौघींत तिच्याशी अबोला धरला जाई. नवऱ्याने सांगितले म्हणून काय झाले, दोनदा ऐकावे, दहादा सोडून द्यावे, म्हणजे पुरुषही कंटाळतात, असा शहाणपणाचा उपदेशही होई. एकदा भांडी घासताना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक फाटका कपटा हाती लागला. तो ती वाचू लागली. तेवढ्यावरून घरात केवढे बोलणे झाले! भांड्याच्या राखेत हात, आणि डोळे त्या कपट्यावर. आपण म्हणतो, मुलांना चांगली पुस्तके हवीत, साधने हवीत. तिच्याजवळ काय होते? एक पाटी, थोडी पुस्तके आणि हा कपटा.

यातले काही ती नवऱ्याला सांगत नसे. माधवरावांना कळत नव्हते असे नाही. उलट उत्तर करू नये, सहन करावे, आपले काम सोडू नये, ही त्यांची शिकवण. ते शांत वृत्तीचे होते, मातेसमान स्त्रियांना दुखवू नये ही त्यांची भावना होती, हे सगळे मान्य. पण सहन करावयाचे कोणी? ते कचेरीत जात. दिवसभर माजघरात ती असे. शिकविण्याचे श्रेय त्यांना पुरेपूर द्यावे. सोसण्याचे श्रेय मात्र एकट्या तिचे.

आणि दुर्गाअक्का? या बाईंवर माझे लक्ष खिळून राहिले. त्या दुष्ट नव्हत्या. भावावर त्यांचा फार जीव. लहान वयातच त्यांच्या नशिबी वैधव्य आले होते. भाऊ विधवाविवाहाचा एवढा पुरस्कर्ता, पण बहिणीसाठी काही करू शकला नाही. वडील आड आले. त्या घरात त्या राहिल्या आणि भावाच्या हाताखाली एक पोर पाटीवर अक्षरे गिरविते आहे, हे त्यांनी रोज पाहिले. काय वाटले असेल त्यांना? पुस्तकात हे लिहिलेले नाही, हा माझा तर्क आहे. पण टोमण्यामागे दर वेळी द्वेष असतो असे नाही. कधी आपल्याला न मिळालेले असते, कधी आपण जन्मभर जे केले ते कमी ठरते की काय अशी भीती असते. पुस्तक वाचताना मी आतापर्यंत नेहमी रमाबाईंच्या जागी स्वतःला पाहात आले. या खेपेस मी पदर खोचून माजघरात बसले होते. कोथिंबीर निवडावयास हाका मारीत होते.

ते राहू द्या. १८७८ साली माधवरावांची नाशिकास बदली झाली. पुण्याचे भरले घर मागे राहिले आणि रमाबाईंच्या अभ्यासाला मोकळे आवार मिळाले. इंग्रजी येथे खऱ्या अर्थाने मार्गी लागले. इसापाच्या गोष्टींसारखी सोपी पुस्तके, मग त्याहून अवघड. मुलींच्या शाळेच्या समारंभात चार शब्द बोलण्याची पहिली वेळ त्यांच्यावर नाशिकातच आली. पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंतांच्या बंडानंतर सरकारची वक्रदृष्टी झाल्यामुळे, धुळ्यास बदली. सरकारच्या मनात शिक्षा होती; रमाबाईंच्या शिक्षणाला मात्र ती लाभली. बदलीच्या गावी सासर लहान असते, ही गोष्ट नोकरदारांच्या बायकांना निराळी सांगावयास नको.

माधवरावांचे डोळे अधू होते. तेव्हा वर्तमानपत्रे, पत्रे, कागद वाचून दाखविण्याचे काम हळूहळू रमाबाईंकडे आले. माझ्या मते हीच त्यांची खरी शाळा. वाचलेले कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे, चुकले तर ऐकणारा तेथल्या तेथे थांबवितो आहे, आणि उद्या पुन्हा वाचावयाचे आहे. असा धडा कोणत्या वर्गात मिळेल? घरखर्चाची रक्कम हाती देऊन महिन्याचा हिशेब त्यांना ठेवावयास लाविला, तो गणिताचा तास. मी वर्गात चाळीस मुलींना बेरजा घालीत असे, त्यातल्या किती बेरजांना घराचा वास होता, हे माझे मला ठाऊक.

सगळ्यांत गंमत कलकत्त्याची. १८८६ साली सरकारी खर्चाच्या चौकशीच्या कमिटीवर नेमणूक झाल्यामुळे माधवराव तिकडे गेले. रमाबाई बरोबर होत्या. बंगाली वर्तमानपत्र दारी आले, पण दोघांनाही बंगाली येत नव्हते. झाले, माधवरावांनी बंगालीची पुस्तके आणविली. न्हावी दाढी करावयास बसला की हे पुस्तक उघडून त्याला शब्द विचारावयाचे, उच्चार विचारावयाचे. एवढे मोठे न्यायाधीश आणि गुरू न्हावी! रमाबाईंना हसू आवरेना. पण दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, त्यात लाज कसली, ही माधवरावांची दृष्टी. न्हाव्याकडून शिकलेले ते रमाबाईंना शिकवीत, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांना बंगाली वर्तमानपत्र वाचता येऊ लागले. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक कानडी कुटुंब राहते. त्यांच्या आजीबाईंकडून नात हल्ली वस्तूंची कानडी नावे शिकून येते. यावर मी आधी नाक मुरडले होते, तो न्हावी आठवेपर्यंत.

पण मी कालक्रम सोडला. १८८२ कडे परत जावयास हवे, कारण त्या वर्षी पुण्यात एक विलक्षण गोष्ट घडली. पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्याही घरीच शिकलेल्या. घरी म्हणजे कोठे, तर पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पहाटे, घरची कामे सुरू होण्यापूर्वी, आई मुलीला जवळ घेऊन पाठ देत असे. पुढे तीर्थयात्रा, दुष्काळ, आईवडिलांचा आणि बहिणीचा मृत्यू, कलकत्त्यात पंडितांकडून मिळालेला मान, लग्न आणि लवकरच वैधव्य. एवढे सगळे चोवीस वर्षांच्या आत भोगून ही बाई पुण्यास आली आणि तिने आर्य महिला समाज काढला. आमच्या रमाबाई तेथे जाऊ लागल्या.

या दोघींची गाठ पडली याचे मला फार अप्रूप वाटते. एक आईने शिकविलेली, एक नवऱ्याने. दोघींनी शाळेचा बाक पाहिलेला नाही. घरात नुसता जाळ झाला. पंडिताबाईंच्या सभेस जाऊन आलेल्या सुनेचा विटाळ धरण्यापर्यंत मजल गेली. मिस हर्फर्ड या मडमेकडे इंग्रजी शिकावयाचे म्हणजे आणखीच अनर्थ; तिला शिवले म्हणून स्नान करा, मग स्वयंपाकघरात या. रमाबाईंनी स्नाने केली आणि शिकणे सोडले नाही. थंडीच्या दिवसांत हे कसे वाटले असेल, ते पुण्याच्या पहाटेचे गार पाणी अंगावर घेतलेल्या बायकांनीच सांगावे.

गोपाळराव जोशांनी आपल्या पत्नीला, आनंदीबाईंना, याच काळात घरी शिकविले. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात क्षयाने गेल्या. गोपाळरावांचे शिकविणे मारझोडीचे होते. घरी शिकविले म्हणजे मायेनेच शिकविले असे नाही, एवढ्यासाठी हे सांगितले. घराचे दार बंद असते. आत काय चालले आहे हे बाहेर दिसत नाही. शाळेत निदान शेजारच्या वर्गातल्या बाई ऐकतात.

मग आले मुलींच्या हायस्कुलाचे प्रकरण. त्या वेळी मुलींना प्राथमिक शिक्षण मिळे. पुढे काय, याला उत्तर नव्हते. रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर प्रभृतींनी हे काम हाती घेतले आणि गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर पुण्यात सभा भरली. त्या सभेत इंग्रजी निवेदन वाचले ते रमाबाईंनी. दहा-अकरा वर्षांपूर्वी पाटीवर पहिले अक्षर काढलेल्या बाईने गव्हर्नरासमोर उभे राहून इंग्रजीत मागितले काय? स्वतःसाठी काही नाही. इतर मुलींसाठी शाळा. १८८४ च्या सप्टेंबरात हायस्कूल उघडले. तीच आपली हुजूरपागा. लक्ष्मी रस्त्यावरून आपण रोज जातो-येतो, आपल्या मंडळातल्या निदान निम्म्याजणी तिच्या विद्यार्थिनी आहेत. सभेहून रमाबाई घरी आल्या तेव्हा घरच्यांनी कौतुक केले असेल असे कोणाला वाटत असेल तर मागची पाने पुन्हा वाचावीत.

मुंबईची वर्षे मी भराभर सांगते. १८९३ साली माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांचा एक क्लब चालविला, शिवणकाम, भाषा, प्रथमोपचार वगैरे शिकण्याची सोय केली. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाईंना मूलबाळ नव्हते. त्या पुण्यास, फुले मंडईजवळच्या आपल्या जुन्या वाड्यात, परत आल्या आणि जवळजवळ वर्षभर कोठे बाहेर पडल्या नाहीत.

आता त्यांचे वय एकोणचाळीस. शिकविणारा गेला. सगळे शिक्षण ज्याच्यासाठी आणि ज्याच्यामुळे, तो माणूसच नाही. येथे पुष्कळ चरित्रे संपतात. रमाबाईंचे येथे सुरू झाले असे मी म्हणेन, आणि यात माधवरावांचा काही अधिक्षेप आहे असे मला वाटत नाही.

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ साली मुंबईस सेवासदन काढले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. दुसऱ्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्याचे सेवासदन सुरू झाले. ते कोठे, तर रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधरांसारखा खंबीर कार्यकर्ता पाठीशी होता. ज्या वाड्यांतून बायकांना लपून वाचावे लागे, तशा एका वाड्यात आता उघड उघड वर्ग भरू लागले. येणाऱ्या बहुतेक मोठ्या बायका. कोणी बालविधवा, कोणी नवऱ्याने टाकलेल्या, कोणी संसार करणाऱ्या पण शाळेचे वय निघून गेलेल्या. घरची कामे उरकल्यावर त्यांना येता यावे, अशा बेताने वर्ग. भांडी घासताना वर्तमानपत्राचा कपटा वाचलेल्या बाईला हे सुचले नसते तरच नवल!

सेवासदनाने विधवांना ससून इस्पितळात परिचारिकेचे काम शिकावयास पाठविले, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला. भल्या घरच्या बायकांनी परक्या पुरुषांची शुश्रूषा करावयाची! रमाबाई घरोघर जाऊन सासूसासऱ्यांची समजूत घालीत. मुलींना शाळेत घालण्यासाठी आमच्या शिक्षिकांच्या मागच्या पिढीने जनगणनेचे कागद काखेत मारून दारे ठोठावली, त्याची सुरुवात हीच. पुढे शिक्षिका तयार करण्याचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांनाही त्या भेटावयास जात. माजघरातील बायकांशी कसे बोलावे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ते त्या पंचवीस वर्षे शिकल्या होत्या.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पुण्याच्या नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा विचार निघाला तेव्हा आधी फक्त मुलग्यांपुरते करावे, मुलींचे मागाहून पाहू, असा सूर होता. १९२० च्या सुमारास रमाबाई पुण्याच्या बायकांना घेऊन रस्त्यावर आल्या आणि मुलींनाही सक्तीचे शिक्षण हवे अशी मागणी त्यांनी लावून धरली. विचार करा. स्वतः घरी शिकून एवढी झालेली बाई. पण घरोघरी असेच शिकवा, असे त्या सांगत सुटल्या नाहीत. त्यांनी सक्तीची शाळा मागितली. माधवरावांसारखा नवरा मिळणे हा नशिबाचा भाग होता आणि तसा नवरा मिळूनही काय काय सोसावे लागले, ते त्यांना ठाऊक होते. हजारो मुलींचे अक्षर कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहावे हे त्यांना पटणारे नव्हते. सन १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या चित्राचे तिकीट निघाले.

हे सूनबाईला मी वाचून दाखविले तेव्हा मनात अंमळ विजयाची भावना होती, खोटे कशास सांगू. पाहा, रमाबाईसुद्धा शाळेच्या बाजूच्या! सूनबाईने शांतपणे विचारले की, ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांच्यासाठी त्यांनी ते उघडले. पण आपल्या पोरीला दार उघडे असून आत जाववत नाही, तिचे काय करावयाचे ते सांगा. मला उत्तर देता आले नाही. एकतीस वर्षांत माझ्या वर्गातही अशी दोन-तीन पोरे होती. मी त्यांना मागच्या बाकावर बसू देत असे आणि त्याला समजूतदारपणा समजत असे.

मंडळातल्या कितीजणींनी मला हळूच विचारले आहे की परीक्षेचे काय, पुस्तकांचे काय. म्हणून सांगते. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तके अप्पा बळवंत चौकात मिळतात आणि संगणकावर फुकटही उतरवून घेता येतात; सूनबाई तसेच करते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा बाहेरून देता येतात. तिची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पुरी झाल्यावर. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. तेव्हा पोरीचे दोर कापले गेलेले नाहीत. हे मला सहा महिने ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. शिक्षिका असून विचारले नाही.

माझे मत पुरते बदलले असे मात्र समजू नका. नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रिणी हव्यात, भांडावयास कोणी हवे, डबा वाटून खावयास हवा. हे जेवणाच्या टेबलावर मिळत नाही. म्हणून बुधवारी दुपारी आपल्या मंडळाच्या खोलीत सोसायटीतील मुलांना गोष्टी सांगावयाचे काम मी मागून घेतले, ते आपणांस माहीत आहे. त्यामागचे कारण आज सांगितले. येत्या जूनमध्ये तिला पुन्हा शाळेत घालावयाचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. मुलगा म्हणतो, तिलाच विचारू.

हल्ली सकाळी अकरा ते बारा मराठीचा तास माझ्याकडे आहे. भाजीचा हिशेब ती ठेविते आणि मंडईत मी दोन रुपये चुकविले तर मला बोलते. परवा रमाबाईंच्या आठवणींतील नाशिकचे प्रकरण तिने मला वाचून दाखविले, कारण चष्मा सापडत नव्हता. जोडाक्षरांपाशी ती अडली तेव्हा मी लगेच सांगितले नाही. खिडकीबाहेर पाहात राहिले. थोड्या वेळाने तिचे तिनेच लाविले आणि पुढे गेली.